छापखान्यातले दादासाहेब

दादासाहेब फाळके म्हटले की 'राजा हरिश्चंद्र' आठवतो आणि भारतीय चित्रपटाचे जनक ही पदवी आठवते. परंतु वयाची चाळिशी येईपर्यंत या गृहस्थांची ओळख निराळी होती. ते फोटोग्राफर होते, ब्लॉक तयार करणारे कारागीर होते, रंगीत छपाईचे जाणकार होते. त्यांच्या चरित्रातला हा भाग पुष्कळदा दोन ओळींत उरकला जातो. मला मात्र त्यांच्या पुढच्या साऱ्या कर्तृत्वाचे मूळ तेथेच दिसते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान शास्त्री. घरची परंपरा पाहता मुलानेही पोथ्याच हाती धरावयाच्या. पण याचा ओढा चित्रांकडे. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तेथील प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांचे गुण हेरले आणि रंगीत छपाईचे तंत्र शिकण्यासाठी त्यांना रतलामला पाठवले.

हे तंत्र कसे होते, ते थोडे पाहू. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली, तेव्हा देवादिकांची व थोर पुरुषांची चित्रे शिळाछापाने छापली जात. दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा. पाण्यामुळे कोऱ्या जागी शाई धरत नाही, चित्रावर तेवढी धरते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. फोटोतल्या फिकट-गडद छटा छापणे याहून अवघड. त्यासाठी हाफटोन ब्लॉक आला. कॅमेऱ्यात आडव्या-उभ्या बारीक रेघांची काच बसवून फोटो घेतला की चित्राचे असंख्य ठिपके होतात. गडद जागी मोठे, उजळ जागी लहान. ते धातूच्या पत्र्यावर उतरवून ॲसिडने कोरले म्हणजे ब्लॉक तयार. तिरंगी छपाईत एकाच चित्राचे तीन ब्लॉक करून पिवळा, तांबडा व निळा असे तीन रंग एकावर एक छापायचे. ठसा केसभर सरकला तरी देवाचा चेहरा बिघडलाच म्हणून समजा!

हे सारे शिकूनही संसाराची घडी बसेना. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा थोडासा जमतो न जमतो तोच प्लेगने पत्नी व मूल दोन्ही हिरावून नेले. नाटकांचे पडदे रंगव, जादूचे प्रयोग कर, असे दिवस काढत १९०३ मध्ये त्यांना पुराणवस्तू खात्यात फोटोग्राफर व ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. सरकारी नोकरी, महिन्याचा ठरलेला पगार! पण स्वदेशीच्या वाऱ्याचे ते दिवस. फाळक्यांनी ती सोडली आणि लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला.

पुण्याहून लोकलने जाताना लोणावळ्याच्या अलीकडे मळवली स्टेशन लागते. तेथे राजा रविवर्मा यांच्या नावाचा चित्रांचा प्रसिद्ध छापखाना होता. राजवाड्यांतील रविवर्म्यांची चित्रे सामान्यांच्या भिंतीवर आली ती अशा छापखान्यांमुळे. फाळके या छापखान्यासाठी फोटोच्या साहाय्याने चित्र दगडावर उतरवण्याचे काम करीत. ज्याच्या घरी मूळ तैलचित्र येणे स्वप्नातही शक्य नव्हते, त्याला लक्ष्मी-सरस्वतीचे रूप दाखवणाऱ्या हातांत फाळक्यांचेही हात होते. आमच्यासारख्या घरांत चित्रकला आली ती याच वाटेने, आणि म्हणून मला हे काम लहान वाटत नाही.

पुढे छापखाना मुंबईस गेला, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' म्हणून नावारूपाला आला. १९०९ मध्ये फाळके जर्मनीला जाऊन छपाईचे आधुनिक तंत्र पाहून आले. परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि स्वतः वाढवलेला व्यवसाय सोडून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय चाळिशीचे, घरात मुलेबाळे. दुसरा एखादा खचला असता.

याच सुमारास त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला आणि रामकृष्णांच्या कथा अशा पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. सतत चित्रपट पाहून डोळे जायची वेळ आली. विमा पॉलिसी गहाण पडली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा व यंत्रे आणून त्यांनी काम सुरू केले. फिल्मला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई घरीच रात्री बसून करीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. लांबी सुमारे ३,७०० फूट; फुटाला १६ चित्रे धरली तर जवळजवळ ५९ हजार छोटे फोटो! ते अंधाऱ्या खोलीत धुऊन त्यांच्या स्वच्छ प्रती काढणे हे रतलाम-लोणावळ्यात तयार झालेल्या हातांचेच काम होते. रिकाम्या हाताने बाहेर पडले असे आपण म्हणतो खरे, पण त्या हातांतली विद्या कोणाला काढून घेता आली नाही.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते वारले. त्यांचे बहुतेक चित्रपट आज नष्ट झाले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'ची जी थोडी रिळे वाचली, ती पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केली. मूळ कृती जळते, विरते; जगते ती कोणीतरी मन लावून काढलेली प्रत. मळवलीचा छापखानाही १९७२ मध्ये आगीत सापडला, पण तेथे छापलेली चित्रे आजही कित्येक देवघरांत आहेत.

आपण चित्रकाराचे नाव वाचतो, छापणाऱ्याचे वाचत नाही. पदवीच्या मागे लागलेल्या आपल्या पिढीने हाताच्या कामाकडे पाहताना दादासाहेबांची ही छापखान्यातली वर्षे आठवावीत, एवढेच सांगावेसे वाटते.