काँक्रीटच्या ‘कर्करोगा’चे निदान करणारा अभियंता

काँक्रीटमध्ये सिमेंट चिकटवण्याचे काम करते आणि खडी-वाळू नुसती जागा भरते, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्रास मानले जात असे. हा समज खोडून काढला तो थॉमस स्टँटन या अमेरिकी अभियंत्याने. कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग विभागात साहित्य-तपासणी आणि संशोधनाची धुरा त्यांनी दीर्घकाळ सांभाळली. रस्त्याखालच्या मातीची ताकद मोजणारी ‘सीबीआर’ चाचणीही याच विभागातून पुढे आली. ती आजही भारतातील रस्त्यांसाठी वापरली जाते.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस सॅलिनास नदीच्या खोऱ्यातील काही नवे काँक्रीट रस्ते आणि पूल अकाली तडकू लागले. पृष्ठभागावर नकाशातल्या रेषांसारखे भेगांचे जाळे दिसू लागले. एरवी अशा वेळी निकृष्ट सिमेंटवर किंवा बांधकामातील हलगर्जीपणावर बोट ठेवले जाते. स्टँटन यांनी मात्र स्थानिक वाळू आणि वेगवेगळी सिमेंटे घेऊन मसाल्याचे छोटे दांडे बनवले, ते दमट हवेत बंद डब्यांत ठेवले आणि महिनोन्‌महिने त्यांची लांबी मोजली. काही दांडे वाढत होते. मात्र तीच वाळू दुसऱ्या सिमेंटबरोबर निर्धोक ठरत होती. दोष एकट्या वाळूत नव्हता, एकट्या सिमेंटमध्येही नव्हता. तो दोघांच्या जोडीत होता.

त्या वाळूत ओपल होते. ओपल म्हणजे विस्कळीत रचनेची सिलिका. सिमेंटमधील सोडियम व पोटॅशियम या अल्कलींमुळे काँक्रीटच्या छिद्रांतील पाणी तीव्र अल्कधर्मी होते. ते या सिलिकेवर हल्ला करते आणि जेलीसारखा पदार्थ तयार होतो. हा पदार्थ पाणी शोषून फुगतो आणि काँक्रीट आतून फुटते. म्हणूनच पुढे या विकाराला ‘काँक्रीटचा कर्करोग’ असे टोपणनाव मिळाले.

स्टँटन यांनी १९४० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निदानासोबत त्यांनी उपायही सांगितले. सिमेंटमधील अल्कलींचे एकूण प्रमाण ०.६ टक्क्यांपेक्षा कमी ठेवले, तर प्रसरण नगण्य राहते. दुसरा उपाय म्हणजे सिमेंटमध्ये बारीक दळलेला पोझोलाना मिसळणे. यातही सिलिकाच असते. पण ती अतिसूक्ष्म कणांत सर्वत्र पसरलेली असल्याने अल्कलींना आधीच गुंतवून टाकते आणि हानी टळते.

त्याच सुमारास कोलोरॅडो नदीवरील नव्या पार्कर धरणातही असेच तडे आढळले आणि प्रश्न एका खोऱ्यापुरता नाही, हे उघड झाले. भारतातही रिहंद आणि हिराकूड धरणांच्या काँक्रीटमध्ये ही अभिक्रिया नोंदवली गेली आहे.

१९५१ मध्ये स्टँटन यांच्या जागी फ्रान्सिस ह्वीम आले. पण ०.६ टक्क्यांची मर्यादा जगभर रूढ झाली. औष्णिक वीजकेंद्रातील राख मिसळलेले सिमेंट आज सर्वत्र मिळते, आणि या विकारावरही ते उपयोगी पडते. ही अभिक्रिया एकदा सुरू झाली की काँक्रीट पूर्ववत करता येत नाही. पाणी आत जाऊ न देता तिचा वेग फार तर कमी करता येतो. म्हणून खडी, वाळू आणि सिमेंट यांची जोडी काँक्रीट ओतण्यापूर्वीच तपासावी लागते.