ब्लेझ पास्कल : डावाच्या गणितापासून श्रद्धेपर्यंत

१९ ऑगस्ट हा थोर फ्रेंच गणिती व ख्रिस्ती विचारवंत ब्लेझ पास्कल यांचा स्मृतिदिन. अवघ्या ३९ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी विज्ञानाला व श्रद्धेला जे दिले, त्याचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

पास्कल यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ येथे झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षी ते मातृसुखास पारखे झाले. वडील एतिएन यांनी त्यांना घरीच शिकविले. सोळाव्या वर्षी त्यांनी भूमितीवर निबंध लिहिला. वडिलांकडे करवसुलीचे काम होते. त्यांचे हिशेबाचे कष्ट वाचावेत म्हणून या मुलाने आकडेमोड करणारे यंत्र तयार केले.

१६५४ साली शेव्हालिए द मेरे या सरदाराने त्यांच्यापुढे एक जुना प्रश्न ठेवला. डाव अर्ध्यावर मोडला तर पैज कशी वाटावी? पास्कल यांनी तूलूझच्या फर्मा या गणितज्ञांशी पत्रव्यवहार करून तो सोडविला. समजा, दोघांनी प्रत्येकी ३२ मोहरा लावल्या. जो आधी तीन फेऱ्या जिंकेल, त्याला ६४ मिळणार. एकाच्या दोन व दुसऱ्याची एक फेरी झाली असता डाव थांबला. पुढची फेरी पहिल्याने जिंकली असती तर त्याला ६४ मिळाल्या असत्या. हरला असता तरी बरोबरी होऊन ३२ त्याच्याच होत्या. म्हणजे ३२ निश्चित आणि उरलेल्या ३२ चा निम्मा वाटा, एकूण ४८. दुसऱ्याला १६. मागे काय झाले यापेक्षा पुढे काय होऊ शकते, यावर वाटणी ठरते.

संभाव्यतेच्या गणिताचा पाया येथे घातला गेला. आजच्या पोकरच्या डावातही हेच गणित लागू पडते. हातातील पाच पानांपैकी चार बदामाची असून पाचवे बदलायचे असेल, तर न पाहिलेल्या ४७ पानांत बदामाची ९ उरतात. म्हणजे इच्छित पान मिळण्याची शक्यता पाचात एकाहूनही थोडी कमी! मन मात्र ते पान येणारच, असे सांगत राहते. जुगारात किती घरे बुडाली, हे आपण जाणतोच.

त्याच वर्षी, २३ नोव्हेंबरच्या रात्री, पास्कल यांना देवाच्या सान्निध्याचा उत्कट अनुभव आला. त्याची नोंद त्यांनी कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली. ती मृत्यूनंतरच सापडली. पुढे त्यांनी येशूसंघीयांच्या नीतिविषयक शिकवणीवर कठोर टीका करणारी पत्रे लिहिली. ती पत्रे १६५७ मध्ये ख्रिस्तसभेच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली. हा त्यांच्या जीवनातील वादाचा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही.

श्रद्धेविषयीच्या त्यांच्या टिपणांत डावाचे गणित पुन्हा भेटते. देव आहे की नाही, या प्रश्नावर प्रत्येकाला आपले आयुष्य लावावेच लागते. न ठरविणे हेही ठरविणेच होय. देव असेल तर लाभ अनंत आहे, नसेल तर गमावण्यासारखे थोडेच. परंतु हिशेबाने श्रद्धा जन्मत नाही, ती देवाची देणगी आहे, हेही पास्कल जाणून होते. गणित मनुष्याला दारापर्यंत आणते. दार देवच उघडतो.

अखेरच्या आजारात त्यांच्या घरी आश्रयाला असलेल्या गरीब कुटुंबातील मुलाला देवी आल्या. त्या मुलाला बाहेर न काढता पास्कल स्वतःच बहिणीच्या घरी गेले. तेथे ख्रिस्तशरीर स्वीकारून १९ ऑगस्ट १६६२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांची टिपणे १६७० साली प्रसिद्ध झाली. २०२३ साली, त्यांच्या जन्माच्या चारशेव्या वर्षी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या गौरवार्थ प्रेषितीय पत्र लिहिले.

पत्त्यांच्या डावात पुढचे पान कोणते, हे आपल्या हाती नसते. आयुष्य कोणासाठी लावावे, हे मात्र प्रत्येकाने ठरवायचे आहे. पास्कल यांनी ते ठरविले होते. आपणही त्याचा विचार करू या.