अल-किंदी

मुलांनो, मित्राला चिठ्ठी लिहिताना तुम्ही कधी अक्षरांची अदलाबदल केली आहे का? अशी गुप्त चिठ्ठी किल्लीशिवाय कशी वाचावी, हे नवव्या शतकात बगदादचे तत्त्वज्ञ अल-किंदी यांनी दाखवून दिले. त्यांनी चक्क अक्षरे मोजली! अरबीत ‘अलिफ’ सर्वांत जास्त वेळा येतो. म्हणून गुप्त मजकुरात जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा दिसेल, ते बहुधा ‘अलिफ’ असणार. मजकूर मात्र लांब हवा; दोन ओळींवर हे जमत नाही. उर्दूच्या पुस्तकाचे एखादे पान घेऊन तुम्हीही मोजून पाहा.

खलिफा मुतवक्किल यांच्या काळात (८४७–८६१) विरोधकांनी त्यांचा ग्रंथसंग्रह हिरावून घेतला. पुढे तो परत मिळाला. गुप्तलिपीवरील त्यांचा ग्रंथ मात्र जग विसरूनच गेले. त्याची हस्तलिखित प्रत १९८० च्या दशकात इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात सापडली.