डॉ. अँड्र्यू बेल आणि धूळपाटीची शाळा

एखादे वेळीं शिक्षकांस यावयास उशीर झाला म्हणजे वर्गनायक फळ्यापुढें उभा राहतो आणि पाढे म्हणवून घेतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस नवीन नाहीं. आम्ही लहानपणीं ज्या खेड्यांतील शाळेंत शिकलों, तेथें चार इयत्तांना मिळून एकच गुरुजी होते. चौथींतील मुलगा पहिलींतील मुलाचा हात धरून त्याजकडून अक्षरें गिरवून घेई. मुलानें मुलास शिकवावें ही रीत आपल्या इतकी परिचयाची आहे कीं, तिच्यामुळें कोणास कीर्ति मिळाली असेल असें आपल्या मनांतही येत नाहीं. परंतु याच रीतीवर एका गृहस्थांनीं सबंध इंग्लंडभर शाळांचें जाळें उभारलें, आणि ती रीत त्यांस सांपडली आपल्याच देशांत, मद्रासेस.

अँड्र्यू बेल यांचा जन्म २७ मार्च १७५३ रोजीं स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज या गांवीं झाला. वडील न्हाव्याचा धंदा करीत. परंतु ते मोठे कल्पक होते व मुलानें विश्वविद्यालयांत शिकावें अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली. पुढें १७७४ सालीं बेल अमेरिकेंत व्हर्जिनिया प्रांतीं गेले व तेथें एका धनिकाच्या मुलांचे खाजगी शिक्षक झाले. १७८१ सालीं परत येतांना वाटेंत गलबत फुटलें, तरी जीव वांचला. मायदेशीं आल्यावर त्यांनीं दीक्षा घेतली, लीथ येथें कांहीं काळ पाळकाचें काम केलें, आणि १७८७ सालीं हिंदुस्थानचा रस्ता धरला.

मद्रासेस त्यांस एकामागून एक अशीं अनेक लष्करी पाळकपदें मिळालीं व त्यांच्या वेतनावर ते चांगले सधन झाले. द्रव्याचा त्यांस तिटकारा होता असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि १७८९ सालीं एग्मोर येथील मुलांच्या अनाथालयावर देखरेख करण्यास त्यांस बोलाविलें, तेव्हां त्या कामाचें वेतन घेण्याचें मात्र त्यांनीं नाकारलें. तेथें युरोपीय शिपायांचीं मुलें होतीं. कित्येकांच्या माता याच देशांतल्या. बाप लढाईंत किंवा तापानें गेलेला, आणि दोन्हीं समाजांत मुलाला जागा नाहीं, अशी त्यांची स्थिति होती. शिक्षक होते, पण जुन्या वळणाचे, नवें कांहीं करून पाहण्यास नाखूष. एकेक मूल महिनेच्या महिने मुळाक्षरांतच रखडे.

एके दिवशीं सकाळीं घोड्यावरून फिरावयास गेले असतां बेलसाहेबांनीं एक देशी शाळा पाहिली. मुलें जमिनीवर बसून पुढें पसरलेल्या वाळूंत बोटांनीं अक्षरें काढीत होतीं. तीं मलबारी मुलें होतीं असें चरित्रांतून लिहिलेलें आढळतें. परंतु त्या काळीं युरोपीय लोक मद्रासेकडील तमिळांनाही मलबारीच म्हणत. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेंतली धूळपाटी ज्यांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल, त्यांस हें चित्र निराळें सांगावयास नको. साहेबांनीं परत येऊन आज्ञा केली कीं, खालच्या वर्गास याच रीतीनें शिकवावें. त्या वर्गाच्या शिक्षकानें कांहीं दिवसांनीं सांगितलें कीं, हें होणें शक्य नाहीं. तेव्हां साहेबांनीं जॉन फ्रिस्केन नांवाच्या आठ वर्षांच्या एका मुलास बोलाविलें. तो एका साध्या शिपायाचा पोर. त्याजवर त्यांनीं तो वर्ग सोंपविला, आणि मोठ्यांस जें जमलें नव्हतें तें त्या पोरानें करून दाखविलें.

आमच्या मतें खरा शोध वाळूचा नव्हे, फ्रिस्केनचा होय. बेल यांनाही तें लवकरच उमगलें. त्यांनीं प्रत्येक वर्गांत अर्धीं मुलें शिकविणारीं व अर्धीं शिकणारीं अशा जोड्या लाविल्या. वर्गावर एक बालशिक्षक व त्याला मदतनीस नेमले. धडा लहान ठेवावा, तो पक्का झाल्याखेरीज पुढें जाऊं नये, चुकेल त्यानें खालीं व बरोबर सांगेल त्यानें वर बसावें, असे नियम घातले. कोणी गैरवर्तन केलें तर वहींत नोंद होई, आणि ठराविक दिवशीं मुलांचेच पंच बसून त्याचा न्याय करीत. छडी जवळजवळ निरुपयोगी झाली. ज्या मुलांना कोणी विचारीत नव्हतें, त्यांच्यावर कोणी तरी विश्वास टाकला होता. आणि हें सर्व होत असतां बेलसाहेब स्वतः तेथें होते; वर्ग पाहणें, वह्या तपासणें, मुलांची परीक्षा घेणें हा क्रम त्यांनीं सात वर्षें चालविला. पुढचा भाग वाचतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

प्रकृति बिघडल्यामुळें १७९६ सालीं ते विलायतेस परतले व दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं या प्रयोगाची हकीकत एका लहानशा पुस्तकांत छापली. १७९८ सालीं लंडनमधील आल्डगेट भागांतल्या सेंट बोटॉल्फ मंडळीच्या शाळेनें ती पद्धति उचलली. १८०१ सालीं बेल डॉर्सेट परगण्यांत स्वॉनेज येथें पाळक झाले. तेथें त्यांनीं शाळांबरोबर देवी टोंचण्याचाही प्रसार केला. १८०० सालीं केलेला विवाह मात्र सुखाचा झाला नाहीं. पतिपत्नी कांहीं वर्षांतच विभक्त झालीं.

इतक्यांत जोसेफ लँकेस्टर नांवाचा क्वेकर पंथाचा एक तरुण लंडनच्या बरो रोडवर अशाच पद्धतीनें शेंकडों गरीब मुलांना शिकवीत होता. प्रथम दोघांची भेट स्नेहाची झाली. मग मूळ कल्पना कोणाची याविषयीं वाद माजला, त्यांत पंथाभिमान मिसळला, आणि इंग्लंडांत दोन तट पडले. या भांडणाचें आम्हांस कौतुक नाहीं. तरी त्यामुळें दोन्हीं बाजूंनीं ईर्षेनें शाळा काढल्या हें खरें. १८११ सालीं इंग्लंडच्या धर्ममंडळीच्या वतीनें नॅशनल सोसायटी स्थापन झाली व बेल तिच्या शाळांचे मुख्य मार्गदर्शक झाले. लंडनमध्यें बाल्डविन्स गार्डन्स येथें मध्यवर्ती शाळा निघाली. गांवोगांवचे शिक्षक तेथें थोडा काळ राहून पद्धति पाहत आणि परत जाऊन आपली शाळा त्या सांच्यावर बसवीत. हजारो शाळा अशा उभ्या राहिल्या.

येथेंच गोम होती. बांकांची रचना, वर्गांची वांटणी, बालशिक्षकांची उतरंड हें सर्व थोड्या काळांत शिकतां येतें व एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेतां येतें. परंतु वाळूंतील अक्षरें पाहून थांबणारा, फ्रिस्केनला पारखणारा आणि सात वर्षें वर्गावर राहणारा माणूस कोणत्या पेटींत घालून पाठवावा? शिवाय देणगीदारांस या पद्धतींत जें आवडलें तें तिचें स्वस्तपण. एका शिक्षकाच्या पगारांत कित्येक शिक्षक मिळत. दहा वर्षांचा बालशिक्षक आपल्याला जेवढें सांगितलें तेवढेंच पुढें सांगे. कां म्हणून विचारणाऱ्याला देण्यास त्याजजवळ उत्तर नव्हतें. शाळा भरल्या, परंतु पुष्कळ ठिकाणीं पाठांतराची गिरणी तेवढी चालूं राहिली.

डॉ. बेल यांस हें दिसलें नाहीं, किंवा दिसूनही मान्य झालें नाहीं. पद्धति पूर्णत्वास गेली आहे, आतां तिचा फैलाव तेवढा करावयाचा, असें ते मानीत. १८१६ सालीं स्वित्झर्लंडांतील इव्हर्डन येथें ते पेस्टालॉझी या थोर शिक्षकास भेटले, परंतु मूल स्वतः पाहून, हाताळून विचार करितें या त्यांच्या शिकवणुकींत बेल यांस विशेष कांहीं वाटलें नाहीं. गरिबांच्या सर्व मुलांस लेखन व गणित शिकविण्याचें कारण नाहीं, असेंही एके काळीं त्यांनीं लिहिलें होतें. ज्यांनीं शिपायाच्या पोरांत शिक्षक पाहिला, त्यांच्या हातून हें लिहिलें जावें याचें आम्हांस वाईट वाटतें.

वाळूंतली ती रीत विलायतेस जाऊन निराळ्या वेषांत या देशीं परतली, ही मौजेची गोष्ट आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असतां, १८२२ सालीं स्थापन झालेल्या नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटीनें कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं तरुणांस शिक्षक म्हणून तयार केलें, आणि तिच्या मराठी शाळांतून लँकेस्टरच्या नांवानें हीच पद्धति चालविली. आमच्या पणजोबांच्या पिढीस ती साहेबी वाटली असेल!

बेल २७ जानेवारी १८३२ रोजीं चेल्टनहॅम येथें वारले; वेस्टमिन्स्टर अ‍ॅबींत त्यांचें दफन झालें. १८४६ सालीं इंग्लंडच्या सरकारनें बालशिक्षकांच्या जागीं निराळी योजना आणली: तेरा वर्षांवरील निवडक विद्यार्थ्यांनीं पगार घेऊन पांच वर्षें मुख्य शिक्षकाच्या हाताखालीं उमेदवारी करावी, आणि त्यानें त्यांस रोज शिकवावें. फ्रिस्केनचीच ही पुढली पिढी, पण तिला शिकण्यास आतां वेळ मिळाला होता.

डॉ. बेल यांनीं आपली सुमारे १,२०,००० पौंडांची संपत्ति शिक्षणासाठीं ठेविली होती. तिच्यांतून त्यांच्या जन्मगांवीं मद्रास कॉलेज निघालें. स्कॉटलंडमधील त्या शाळेस आजही तेंच नांव आहे. पुढें १८७६ सालीं याच निधीच्या साहाय्यानें एडिंबरो व सेंट अँड्र्यूज येथील विश्वविद्यालयांत शिक्षणशास्त्राचीं प्राध्यापकपदें निर्माण झालीं. ब्रिटनमधील विश्वविद्यालयांत तीं त्या विषयाचीं पहिलीं पदें, आणि शिकवावें कसें याचा अभ्यास करण्यास तेथें प्रौढ माणसें बांकांवर येऊन बसूं लागलीं.