दादरला राहिलेले प्रेमचंद आणि आपली हिंदी

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, १४ सप्टेंबर जवळ आला की शाळाशाळांत हिंदी दिनाची तयारी सुरू होते. १९४९ साली याच दिवशी संविधान सभेने हिंदीला संघाची राजभाषा म्हणून स्वीकारलं. पण ठराव होण्याआधी ही भाषा घडवली कोणी? त्यासाठी मुलांना मुन्शी प्रेमचंदांची गोष्ट सांगा. ती आपल्या दादर-परळ-गिरगावातूनही जाते बरं का!

प्रेमचंदांचं मूळ नाव धनपतराय. जन्म ३१ जुलै १८८०, वाराणसीजवळच्या लमही गावी. आई लहानपणीच गेली. पुढे ते आपल्यासारखेच शिक्षक झाले. सुरुवातीला ते उर्दूत लिहीत. १९०८ चा 'सोज़े वतन' हा त्यांचा कथासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला, तेव्हा त्यांनी प्रेमचंद हे नाव घेतलं. हळूहळू ते देवनागरीकडे वळले, पण बोली तीच ठेवली. ना जड संस्कृत, ना जड फारसी; शेतकऱ्याला कळेल अशी भाषा. १९२१ साली गांधीजींच्या आवाहनावरून त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १९३० साली 'हंस' मासिक काढलं. मासिक आणि छापखाना चालवता चालवता मात्र कर्ज वाढत गेलं.

ते फेडण्यासाठी १९३४ साली ते मुंबईला आले. अजंता सिनेटोन या कंपनीत कथालेखनाचं काम, वर्षाला ८,००० रुपये पगार आणि राहायला दादर. त्याच वर्षी गिरण्यांत मोठा संप झाला होता. त्यांनी 'मजदूर' हा गिरणी कामगारांवरचा चित्रपट लिहिला, त्यात छोटी भूमिकाही केली. पण ज्या शहरात परळ-लालबागचे कामगार राहत होते, तिथेच त्यावर बंदी आली. सिनेमाच्या धंद्यात प्रेमचंदांचं मन रमलं नाही. १९३५ साली ते पगार सोडून परत गेले.

मुंबईशी नातं मात्र तुटलं नाही. त्यांची 'गोदान' ही कादंबरी १९३६ साली गिरगावातल्या हिराबागेतल्या हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला प्रेमचंद गेले.

आता आपल्या वर्गाकडे या. रस्त्यावर, लोकलमध्ये मुलं सहज हिंदी बोलतात आणि हिंदीच्या पेपरला घाबरतात. असं का होतं? पुस्तकातली हिंदी आपली नाही, असं त्यांना वाटतं म्हणून. अशा वेळी त्यांना 'ईदगाह' वाचून दाखवा. जत्रेत खेळणं न घेता आजीसाठी चिमटा घेणारा हमीद त्यांना लगेच कळेल. मग बाजार, दुकान, चिमटा असे मराठीतही असलेले शब्द त्यांनाच शोधायला लावा. यादी वाढत जाईल, तशी भीती कमी होईल. करून बघा!