आमचा ‘बेडर’

आठवीच्या ऑफ तासाला सरांनी डग्लस बाडरची गोष्ट सांगितली आणि वर्गाने त्याचा ‘बेडर’ केला. १९३१च्या विमान अपघातात या ब्रिटिश वैमानिकाने दोन्ही पाय गमावले. तरी कृत्रिम पायांवर तो दुसऱ्या महायुद्धात लढला. ९ ऑगस्ट १९४१ रोजी फ्रान्सवर त्याचं विमान कोसळलं. एक पाय आतच अडकला, तो पॅराशूटने उतरला आणि जर्मनांच्या हाती लागला. त्यांनी पाय शोधून, दुरुस्त करून दिला, तर हा चादरींच्या दोराने इस्पितळातून पसार! आम्ही टाळ्या पिटल्या. तो पुन्हा पकडला गेला, १९४५ मध्ये सुटला.

त्याला लपवणाऱ्या फ्रेंच दांपत्यालाही कैद झाली, हे मला चाळिशीत वाचताना कळलं. सर, त्या टाळ्यांतल्या थोड्या त्यांच्या.