गाडी कुणाची?

होस्टेलच्या पार्किंगमधल्या बऱ्याच गाड्या चालवणाऱ्याच्या नावावर नसतात. मीसुद्धा सेकंड इयरला एका सीनियरकडून जुनी बाईक घेतली. पैसे दिले, किल्ली घेतली, विषय संपला! आरसी बुकावर नाव त्याचंच राहिलं. इन्शुरन्स कधी संपला तेही बघितलं नाही. गाडी मात्र दर आठवड्याला बंद पडायची. त्याच दिवसांत सेमिनारसाठी वाचताना बर्था बेंझ भेटली आणि गाडी नेमकी कुणाची, हा प्रश्न डोक्यात घुसला.

बर्था रिंगर ३ मे १८४९ ला जर्मनीतल्या फोर्त्सहाइम गावी जन्मली. वडील सुतारकाम आणि बांधकामातले, घर खाऊनपिऊन सुखी. कार्ल बेंझ नावाच्या इंजिनियरशी तिचं लग्न ठरलं. त्याचा मानहाइममधला कारखाना भागीदारामुळे बुडायला आला होता. बर्थाने लग्नात मिळायचा पैसा आधीच मागून घेतला, आणि त्यातून कार्लने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. लग्न झालं १८७२ मध्ये. पुढची कित्येक वर्षं ओढाताणीची गेली. अखेर २९ जानेवारी १८८६ ला तीन चाकांच्या मोटारगाडीचा पेटंट अर्ज दाखल झाला. पेटंटवर नाव एकट्या कार्लचं.

गाडी तयार होती, पण घ्यायला कुणी धजावेना. घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीचा भरवसा कोण धरणार? मग ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे बर्थाने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. सोबत ऑयगेन आणि रिचर्ड ही दोन मुलं. निघाली थेट माहेरी, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर! पेट्रोल पंप नाही, गॅरेज नाही, मोटारीचा विमा ही तर कल्पनाच नव्हती. काही बिघडलं तर सगळं स्वतःवर.

आणि बिघडलंच. इंधनाच्या नळीत कचरा अडकला, तो तिने टोपीच्या पिनेने काढला. इग्निशनच्या वायरचं आवरण घासलं गेलं, तिथे पायमोज्याचा इलॅस्टिक पट्टा गुंडाळला. इंधन संपत आल्यावर वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. कपड्यांचे डाग काढायला ते वापरत. चेन लोहाराकडून नीट करून घेतली. लाकडी ब्रेक झिजले तेव्हा बूट शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. इंजिन थंड ठेवायला जागोजागी पाणी भरायचं, आणि चढावर मुलांनी ढकलायचं! संध्याकाळी माहेरी पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली.

मला खरं कौतुक वाटतं ते यापुढचं. काय काय अडलं ते तिने कार्लला सांगितलं. चढासाठी गाडीला आणखी एक गियर बसला, ब्रेकला चामड्याचं अस्तर आलं. आपण ज्याला फील्ड टेस्ट म्हणतो ती हीच की! गाडीचं नाव झालं आणि गिऱ्हाइकं येऊ लागली.

कार्ल १९२९ मध्ये गेला. तो जिथे शिकला त्या कार्ल्सरूहच्या तंत्रशिक्षण संस्थेने बर्थाला तिच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी मानद सिनेटर केलं. दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ ला ती गेली. अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्लचं नाव १९८४ ला लागलं, तिचं २०१६ ला. बत्तीस वर्षं उशिरा!

पैसा तिचा, धोका तिचा, दुरुस्ती तिची, आणि कागद दुसऱ्याच्या नावावर. माझं प्रकरण बरोब्बर उलटं निघालं. गाडी मी उडवत होतो, पण उद्या कुणाला धडक बसली असती तर कोर्टाची नोटीस बिचाऱ्या सीनियरच्या घरी गेली असती, तीही विमा नसलेल्या गाडीसाठी. दुसऱ्याच दिवशी त्याला फोन केला, फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या घेतल्या, थर्ड पार्टी विमा काढला. आता गाडी माझ्या नावावर आहे. बंद अजूनही पडते, पण प्लग साफ करायला मी शिकलोय.

तुमचं आरसी बुक एकदा उघडून बघा. नाव कुणाचं आहे?